मागच्याची चावी

दुकानात हेमिनने चावी यंत्रात खोचली,
दहा पौंड घेतले, पावती फाडून दिली.
घरी आले, जिन्याखालच्या कपाटात
गुडघ्यांवर बसून ती मीटरला भरवली,
तर पडद्यावर सहा पस्तीस.

तीन पासष्ट सांडले कुठे?
वाटेत मी कुणाशी बोललेसुद्धा नव्हते.

निळं बटण दाबत गेले.
तारीख, वेळ, दर, काहीतरी, काहीतरी,
आणि सातव्या दाबाला
१८४.६०. बाकी.
दर आठवड्याला वसुली, ३.६५.

या घरात येऊन अकरा दिवस झालेत.
अकरा दिवसांत एवढा उजेड
मी आणि कीलीने
दोन्ही हातांनी उधळला असता तरी झाला नसता.
करून गेला गाव,
आणि चावी माझ्या हातात.

गेलेल्याचं नाव दारात रोज पडतं,
मिस्टर एल. ब्लेंकिन, लाल शाईत.
मी ते फ्रिजवर रचते.
दिवसभर शेडमध्ये कॉड सोलायचा,
बोटं बर्फाची झालेली घेऊन यायचं,
आणि कीलीवर ओरडायचं, दिवा बंद कर!
कुणाचा, हे ती विचारत नाही.
रात्री मी त्या माणसाला शिव्या घालायचे,
नाव माहीत असल्यामुळे नीट घालता यायच्या.

मग कुंपणापलीकडून मिसेस आउटराम,
तोंडात कपड्यांचा चिमटा:
"लेन ना? अगं, कासवापायी.
बायकोचं होतं. ती गेली, ते राहिलं.
त्याला उबेचा दिवा लागायचा, दिवसरात्र.
हा स्वतः कोट घालून झोपायचा.
आता बहिणीकडे असतो, क्लीथॉर्प्सला,
चिप्सच्या दुकानावर. निळं दार."

मी विचारलं नव्हतं.
एवढं सगळं कशाला सांगितलंत, बाई.

समोरच्या खोलीत गालिच्यावर एक चौकोन आहे,
बाकीच्यापेक्षा गडद, टेबलाएवढा.
त्यावर मी सोफा सरकवणार होते.

कंपनीला फोन लावला.
पन्नास मिनिटं तीच ती बासरी,
मग एक बाई, सर्दी झालेली.
करारपत्र पाठवा. पाठवलं.
राहायला आलात त्या दिवशीचं रीडिंग?
कुणी लिहून ठेवतं का?
त्या दिवशी मी केटली शोधत होते.

पण फोनमध्ये एक फोटो निघाला.
पहिल्या दिवसाचा. कीली त्याच कपाटात लपलेली,
दात काढून हसतेय,
आणि डोक्यामागे मीटर: ४०७१,
शेवटचा आकडा तिच्या कानाआड.

बाईने फोटो मोठा करून पाहिला असावा.
"कानाआडचं सोडून देऊ," म्हणाली,
आणि पहिल्यांदाच हसली, शिंकली.
कर्ज तुमच्या नावावरून काढलंय.
कापलेले पैसे परत येतील. नवी चावी पोस्टाने.
जुनी वापरू नका, फेकून द्या.

"एक शेवटचं.
मागच्या भाडेकरूचा पत्ता काही माहीत?"

एका कानाला फोन होता.
दुसऱ्यावर मी हात ठेवला.

कायद्याने ते चूक असेल.
उद्या हेमिनकडे माझीच उधारी थकली
तर शेजारीण कुणाला काय सांगेल,
तेही मनात येऊन गेलं.

शनिवारी दहा घातले, दहा दिसले.
मी उगाच तीनदा बटण दाबून पाहिलं.
फ्रिजवरची पत्रं उतरवली,
प्रत्येकावर लिहिलं, इथे राहत नाहीत,
आणि वाऱ्यात टोपी धरून
कोपऱ्यावरच्या लाल पेटीत ढकलली.
शोधतील ती त्याला. सापडेलही.
पण माझ्याकडून नाही.

सोफा अजून दाराशीच अडलाय.
संध्याकाळी कीली त्या चौकोनात पालथी पडून
गणितं सोडवते.
म्हणते, इथे ऊब आहे.

नाहीये.
मी हात लावून पाहिलाय.